ना 'ए', ना 'बी'

कतार म्हटलं की वाळू, उंट, नैसर्गिक वायू, काचेच्या इमारती आणि २०२२ चा फुटबॉल वर्ल्ड कप एवढंच डोळ्यांसमोर येतं. आज जरा वेगळा विषय घेतोय. नाव ऐकून काही जण नाक मुरडतील, पण शेवटपर्यंत वाचा अशी आधीच विनंती. विषय आहे हेपॅटायटिस सी.

मी डॉक्टर नाही. पंप, पाइपलाइन आणि व्हॉल्व्ह यांच्या संगतीत आयुष्य गेलेला साधा इंजिनियर आहे. पण या आजाराचा इतिहास वाचायला घेतला तेव्हा तो मला डॉक्टरकीपेक्षा इंजिनियरिंगचाच वाटला. त्यात कालवे आहेत, कामाचा वेग आहे, घाईत घेतलेला शॉर्टकट आहे, आणि तपासणीची पद्धत चुकली की चांगला मालही कसा बाद होतो तेही आहे. फक्त इथे माल म्हणजे माणसं.

आता हा विषय कतारमध्ये बसून सुचायचं कारण काय? कारण इथली लोकवस्ती. कतारी नागरिक साधारण दहात एक. बाकीचे सगळे आमच्यासारखे बाहेरून आलेले : भारतीय, नेपाळी, बांगलादेशी, पाकिस्तानी, फिलिपिनो, इजिप्शियन. त्यामुळे इथल्या कुठल्याही आजाराचा इतिहास शोधायला गेलं, की त्याची मुळं दुसऱ्याच देशात सापडतात. हेपॅटायटिस सीची मुळं शोधत गेलं की आपण थेट नाईल नदीच्या काठावर पोचतो.

पण त्याआधी आपल्या घरचं बघू.

आपली कावीळ

आपल्याकडे या सगळ्याला एकच शब्द, कावीळ. डोळे पिवळे झाले, लघवी पिवळी झाली, अन्नावरची वासना उडाली की कावीळ. मग कुणीतरी काविळीची माळ घालतं आणि ती लांब होत पोटापर्यंत आली की कावीळ उतरली म्हणतात. कुणी चुन्याच्या निवळीत हात धुवायला लावतं, पाणी पिवळं होतं, आणि घरचे सुटकेचा नि:श्वास टाकतात. पथ्य म्हणून उसाचा रस आणि लाह्या.

गंमत अशी की यात बरेचसे लोक बरे होतातही! कारण दूषित अन्नपाण्यातून होणारी 'ए' आणि 'ई' ही कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप उतरते. (गरोदर बाईला 'ई' झाला तर मात्र जिवावर बेतू शकतं, तिथे माळबिळ अजिबात नको.) श्रेय माळेला मिळतं.

'सी'चं तसं नाही. हा पाण्यातून येत नाही, रक्तातून येतो. आणि मुख्य म्हणजे बहुतेकांना यात सुरुवातीला कावीळ होतच नाही! डोळे पांढरेशुभ्र, भूक व्यवस्थित, कामधंदा सुरू. शंभरातल्या तीसेक जणांच्या शरीरातून विषाणू आपसूक निघून जातो. उरलेल्या सत्तर जणांच्या यकृतात तो ठाण मांडून बसतो आणि वीस-वीस वर्षं गप्प राहतो. त्यातल्या काहींचं यकृत आतून हळूहळू कडक होत जातं. कळतं तेव्हा पोटात पाणी झालेलं असतं, नाहीतर यकृताचा कॅन्सर.

म्हणजे बघा, आपल्या भाषेत या आजाराला जो शब्द आहे, त्याचं लक्षणच या आजारात नसतं. ज्याला नाव नाही त्याबद्दल जागरूक कसं व्हायचं?

नाव मिळायला चौदा वर्षं

नावाची ही पंचाईत फक्त आपलीच नाही, शास्त्रज्ञांचीही झाली होती. १९६५ साली बरूच ब्लुमबर्ग या अमेरिकन शास्त्रज्ञाने एका ऑस्ट्रेलियन आदिवासीच्या रक्तातल्या वेगळ्याच प्रथिनाबद्दल लिहिलं. त्याचा धागा पुढे हेपॅटायटिस बीच्या विषाणूशी जुळला आणि ब्लुमबर्गना १९७६ चं नोबेल मिळालं. १९७३ मध्ये 'ए'चा विषाणू दिसला. आता रक्त चढवल्यावर होणाऱ्या काविळीचं कोडं सुटणार असं सगळ्यांना वाटलं.

पण अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत हार्वी ऑल्टर आणि त्यांचे सहकारी रक्त घेतलेल्या रुग्णांचे नमुने तपासत होते, तर बरेच नमुने ना 'ए' दाखवेनात, ना 'बी'. १९७५ मध्ये त्यांनी तसं छापलं आणि आजाराचं नावच पडलं 'नॉन-ए, नॉन-बी'. आपल्याकडे एखाद्याला 'तो, तो हो, तो नव्हे का...' म्हणतात तसलाच प्रकार! हे बिननावाचं नाव चौदा वर्षं टिकलं.

१९८९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कायरॉन कंपनीत मायकेल हॉटन, क्वी-लिम चू आणि जॉर्ज कुओ यांनी, डॅनियल ब्रॅडली यांच्या साथीने, विषाणू डोळ्यांनी न बघताच त्याच्या जनुकाचा तुकडा पकडला. लाखो तुकड्यांत हवा तो एक. मग 'सी' हे नाव आलं, रक्ताची चाचणी आली आणि १९९० पासून अनेक देशांच्या रक्तपेढ्यांत ती सुरू झाली. पुढे चार्ल्स राइस यांनी हा एकटा विषाणूच आजाराला पुरेसा असल्याचं सिद्ध केलं. ऑल्टर, हॉटन आणि राइस यांना २०२० चं नोबेल मिळालं. याच हॉटननी २०१३ मध्ये कॅनडाचं मानाचं गेर्डनर पारितोषिक नाकारलं होतं, कारण त्यात चू आणि कुओ यांची नावं नव्हती. असा मनुष्य मला आवडतो.

नाईलच्या काठावरची सुई

आता इजिप्त. आमच्या ऑफिसात नाईलच्या त्रिभुज प्रदेशातले एक बुजुर्ग इंजिनियर होते. (इजिप्शियन लोक इंजिनियरला आदराने 'बाशमुहंदिस' म्हणतात. ऐकायला इतकं भारदस्त वाटतं की पगार वाढल्यासारखा वाटतो!) ते आता निवृत्त होऊन गावी गेले. 'फायरस सी' हा शब्द मी पहिल्यांदा त्यांच्याच तोंडून ऐकला. अरबीत 'व्ह' नाही, म्हणून व्हायरसचा फायरस. आपण जसं 'अमक्याला शुगर आहे' म्हणतो, तितक्या सहज ते म्हणायचे, 'माझ्या थोरल्या भावाला फायरस सी होता.' त्यात ना लाज, ना कुजबुज. मला नवल वाटलं. पुढे त्यांनीच सांगितलं की त्यांच्या गावात असं घर शोधावं लागेल, जिथे तो कुणालाच नव्हता.

असं का झालं? इजिप्तची शेती फेरोंच्या काळापासून नाईलच्या पुरावर चालायची. वर्षातून एकदा पूर यायचा, ओसरायचा, जमीन सुकायची. एकोणिसाव्या शतकापासून बारमाही कालवे आले, १९०२ मध्ये अस्वानचं पहिलं धरण, १९७० मध्ये मोठं धरण पुरं झालं. वर्षाला दोन-तीन पिकं येऊ लागली. इंजिनियर म्हणून मला ते काम थोरच वाटतं. पण कालव्यात बारा महिने संथ पाणी राहिलं आणि त्यात गोगलगाई माजल्या. या गोगलगाईंच्या शरीरात बिलहार्झिया नावाच्या कृमीची पिल्लं वाढतात आणि पाण्यात उतरलेल्या माणसाच्या कातडीतून आत शिरतात. शेतकऱ्यांना आणि कालव्यात डुंबणाऱ्या पोरांना रक्ताची लघवी व्हायची.

(हा आजार आपल्याला अगदीच परका नाही. १९५२ मध्ये गाडगीळ आणि शहा या डॉक्टरांनी रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात त्याचे रुग्ण शोधले होते. भारतात त्याचं हे एक छोटंसं ठाणं होतं. इजिप्तमध्ये मात्र गावंच्या गावं त्याने ग्रासली होती.)

इजिप्तच्या सरकारने १९५० च्या दशकापासून मोठी मोहीम काढली. औषध होतं टार्टर एमेटिक, अँटिमनीचा क्षार. ते शिरेतून द्यायचं, तेही एकदा नाही, आठवड्यामागून आठवडे बारा-बारा, सोळा-सोळा इंजेक्शनं. लोक शेकड्यांनी रांगेत उभे असायचे. १९६४ मध्ये एका ब्रिटिश तज्ज्ञाने अशा दवाखान्यात जे पाहिलं ते लिहून ठेवलंय : डॉक्टरांनी तासाभराच्या आत पाचशेहून अधिक इंजेक्शनं दिली! सिरिंजा काचेच्या. वापरलेली सिरिंज ट्रेमध्ये जायची, धुतली जायची, मिनिट-दोन मिनिटं उकळली जायची, पुन्हा पुढच्या हातात.

मिनिट-दोन मिनिटं. बाकी सगळी यंत्रणा चोख आणि नेमका एक टप्पा घाईत उरकलेला. ज्याने कारखाना चालवलाय त्याला पुढचं सांगायला नको. एका रुग्णाच्या रक्तातला विषाणू, ज्याला तेव्हा नावही नव्हतं, सुईबरोबर पुढे सरकत राहिला. १९८० च्या दशकात बिलहार्झियावर प्राझिक्वांटेलची गोळी आली आणि ही इंजेक्शनं थांबली, पण तोवर व्हायचं ते झालं होतं. २००० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात शास्त्रज्ञांनी हा सगळा संबंध मांडला. २००८ च्या पाहणीत १५ ते ५९ वयाच्या इजिप्शियनांत १४.७ टक्के लोकांच्या रक्तात हेपॅटायटिस सीच्या अँटिबॉडी होत्या. सातात एक!

आपल्याकडे तलत किंवा किशोर, तसा इजिप्तचा लाडका गायक अब्देल हलीम हाफिज. लहानपणी कालव्यात खेळताना त्याला बिलहार्झिया झाला, त्याने यकृत खाल्लं आणि १९७७ मध्ये सत्तेचाळिसाव्या वर्षी तो लंडनमध्ये गेला. आमचे बाशमुहंदिस त्याच्या कॅसेटी लावून डोळे मिटून बसायचे.

या इतिहासात मला सर्वात महत्त्वाची वाटते ती गोष्ट अशी, की यात खलनायक कुणी नाही. डॉक्टर भले होते, औषध काम करत होतं, लोक सरकारवर विश्वास ठेवून रांगेत उभे राहिले होते. आजार आला तो कुणाच्या वाईट चालीतून नाही, उपचारातून आला. बाशमुहंदिसांच्या बोलण्यात लाज का नव्हती ते मला हे वाचल्यावर कळलं. ज्या गावाला आपल्याला हे कशातून मिळालं ते ठाऊक आहे, ते गाव कुजबुजत नाही.

दोहा आणि 'मेडिकल'

आता दोह्यात परत येऊ. कतारमध्ये तेल निघालं, १९४९ च्या अखेरीस पहिला साठा जहाजाने बाहेर गेला. १९५७ मध्ये रुमैला हॉस्पिटल सुरू झालं, १९७९ मध्ये हमद मेडिकल कॉर्पोरेशन आणि १९८२ मध्ये हमद जनरल हॉस्पिटल. ही सगळी नवी दुनिया उभारायला बाहेरची माणसं आली. शिक्षक, डॉक्टर आणि इंजिनियर यांत इजिप्शियन भरपूर, आणि मजुरांत आपला सारा उपखंड.

दोह्यातल्याच एज्युकेशन सिटीमधल्या वाईल कॉर्नेल मेडिसिन या संस्थेत लैथ अबू-रद्दाद यांच्या गटाने इजिप्त, आखात आणि आसपासच्या देशांतले या आजाराचे आकडे गोळा करून मोलाचं काम केलंय. त्यातून दिसतं ते थोडक्यात असं की आखाती नागरिकांत प्रमाण कमी आहे, आणि बाहेरून आलेल्यांत ते ज्याच्या त्याच्या मायदेशावर ठरतं. प्रत्येक जण आपल्या गावची सुई रक्तात घेऊन आलाय म्हणा ना.

यावर आखाती देशांनी काढलेला उपाय म्हणजे 'मेडिकल'. कोकणात हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. खेड, चिपळूण, महाडकडे 'मेडिकल झालं का?' म्हणजे आखाती नोकरीचं नक्की झालं का! छातीचा एक्स-रे आणि रक्त. आखाती देशांनी परक्या कामगारांसाठी ठरवलेल्या नियमांत एचआयव्ही आणि हेपॅटायटिस बी यांच्या जोडीला सीचंही नाव आहे. २०१८ पासून कतारने काही देशांत आपली व्हिसा केंद्रं उघडली. त्यातलं एक मुंबईत आहे, आणि ही तपासणी आता तिथेच होते.

कुठल्याही देशाने येणाऱ्याची तपासणी करावी यात गैर नाही. पण त्या तपासणीनंतर काय होतं ते बघा. इथे ड्रायव्हर असलेल्या एका खेडवाल्या चाचांचा पुतण्या बऱ्याच वर्षांपूर्वी मुंबईतल्या एका सेंटरात मेडिकलला गेला. निकाल आला 'अनफिट'. का, ते कुणी नीट सांगितलं नाही. कागदावर इंग्रजीत काहीतरी लिहिलेलं, ते एजंटाने वाचलं आणि म्हणाला, 'कावीळ आहे, उतरवून ये.' पोराने माळ घातली, पथ्य केलं, तीन महिन्यांनी दुसऱ्या एजंटाकडून पुन्हा गेला. पुन्हा अनफिट. गावात सांगितलं, कंपनीचंच काम रद्द झालं. लग्नाच्या बोलणीत गोष्ट बाहेर येईल म्हणून घरच्यांनी कागद फाडून टाकला. तो काय आजार आहे, यावर उपचार आहे का, हे विचारायला तो एकाही डॉक्टरकडे गेला नाही. चाचांनी मला हे सांगितलं तेव्हा दहा वर्षं उलटली होती.

म्हणजे चाचणी झाली, आजार सापडला, पण जागरूकता शून्य! चाचणीला फक्त शिक्षा जोडली आणि माहिती जोडली नाही, की माणूस आजारापासून नाही, चाचणीपासून पळतो.

तो पोरगा पुढे जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात गेला, बारा आठवडे गोळ्या घेतल्या आणि बरा झाला. पण इथे एक मेख आहे, ती लक्षात ठेवा. पहिली चाचणी असते अँटिबॉडीची. अँटिबॉडी म्हणजे शरीराने विषाणूशी दिलेल्या लढाईची खूण. आजार बरा झाला तरी ती खूण बहुतेकदा राहतेच. विषाणू खरोखर आहे की नाही ते कळतं आरएनए किंवा पीसीआर चाचणीतून. पहिल्या चाचणीवरच थांबलात तर आजारी आणि बरा झालेला यांतला फरकच दिसत नाही. म्हणून बरं झालेल्याने आरएनए निगेटिव्हचा रिपोर्ट पासपोर्टासारखा जपून ठेवावा.

गोळी आली

हो, हा आजार बरा होतो! पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शनं वर्ष-वर्ष घ्यावी लागायची, त्रास भयंकर आणि गुण निम्म्यांना. डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकेत सोफोसबुव्हिर या गोळीला मान्यता मिळाली. अशा नव्या गोळ्यांनी बारा आठवड्यांत शंभरातले ९५ बरे होतात. फक्त किंमत होती दिवसाच्या एका गोळीला १००० डॉलर, म्हणजे पूर्ण कोर्स ८४,००० डॉलर!

इजिप्तने कंपनीशी घासाघीस केली आणि २०१४ मध्ये महिन्याचा डबा ३०० डॉलरला मिळवला. पुढे देशातच स्वस्त गोळ्या बनवल्या. त्याच वर्षी सिप्ला, हेटेरो अशा भारतीय कंपन्यांना हे औषध बनवण्याचे परवाने मिळाले आणि आपल्याकडेही किंमत कोसळली. मग ऑक्टोबर २०१८ ते एप्रिल २०१९ या सात महिन्यांत इजिप्तने 'दहा कोटी आरोग्य' या नावाची मोहीम काढली. चौकात, मशिदीत, स्टेशनवर, सगळीकडे तपासणी. जवळजवळ पाच कोटी लोकांनी बोट पुढे केलं आणि २२ लाखांच्या वर लोकांत अँटिबॉडी सापडल्या. ज्याची पुढची चाचणीही पॉझिटिव्ह आली त्याला औषध फुकट. ऑक्टोबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने इजिप्तला निर्मूलनाच्या वाटेवरचा 'सुवर्ण' दर्जा दिला. असा दर्जा मिळवणारा तो पहिला देश.

ज्या सरकारी सुईने विषाणू पसरला, त्याच सरकारच्या दुसऱ्या टोचणीने तो शोधला आणि लोक पुन्हा रांगेत उभे राहिले! कारण यावेळी चाचणीला शिक्षा नाही, गोळी जोडलेली होती. कतारनेही गेल्या दशकात राष्ट्रीय आराखडा आखून नव्या गोळ्या आणल्या आहेत.

आणि आपण?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये जगात सुमारे पाच कोटी लोकांना हेपॅटायटिस सी होता, त्यातले ५५ लाख भारतात. जगभरात निम्म्याहून अधिक लोकांना आपल्याला तो आहे हेच ठाऊक नव्हतं.

आपल्याकडे रक्त विकणाऱ्या धंदेवाईक दात्यांवर सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर १९९८ मध्ये बंदी आली. रक्तपेढ्यांत सीची चाचणी सक्तीची झाली २००१ मध्ये. त्याआधी ज्यांना रक्त चढवलं, त्यांनी एकदा तरी चाचणी करून घ्यायलाच हवी. अमिताभ बच्चनचं उदाहरण सगळ्यांना ठाऊक आहे. १९८२ मध्ये 'कुली'च्या अपघातानंतर शेकडो लोकांनी रक्त दिलं, जीव वाचला, पण त्यातून हेपॅटायटिस बी आला आणि कित्येक वर्षांनी कळलं की यकृताचा ७५ टक्के भाग गेलाय. तो 'बी' होता, पण वाट तीच. त्यांनी हे लपवलं नाही, चारचौघांत सांगितलं, आणि २०१७ पासून जागतिक आरोग्य संघटनेचे हेपॅटायटिससाठीचे सदिच्छादूत झाले.

आणि आपलं इंजेक्शनवेड! 'सुई टोचली नाही तर डॉक्टर कसला?' हे आपण सगळ्यांनीच ऐकलंय. साध्या तापाला गोळी पुरत असेल तर सुई मागू नका. घ्यावीच लागली तर नवी सिरिंज आपल्यासमोर फोडायला सांगा. जत्रेत एकाच सुईने गोंदून घेऊ नका, दुसऱ्याचं ब्लेड वापरू नका. डायलिसिसवाल्यांनी आणि वारंवार रक्त लागणाऱ्यांनी वेळोवेळी चाचणी करून घ्यावी. 'बी'ची लस आहे, ती घ्या. 'सी'ची अजून नाही. आणि एका ताटात जेवल्याने, मिठी मारल्याने किंवा मुलाला अंगावर पाजल्याने सी पसरत नाही, तेव्हा घरातल्या माणसाचं ताट वेगळं करू नका.

२८ जुलै हा ब्लुमबर्ग यांचा जन्मदिवस, तोच जागतिक हेपॅटायटिस दिन. २०१८ मध्ये त्याच दिवशी भारत सरकारने विषाणूजन्य हेपॅटायटिस नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. त्यात सरकारी रुग्णालयांतून चाचणी आणि औषध मोफत मिळतं. पोस्टरं लागतात, फेऱ्या निघतात, चांगलंच आहे. पण इजिप्तकडून शिकायचं ते पोस्टर नाही. 'हा आजार सुईतून येतो, हा बरा होतो आणि हा सांगण्यात लाज नाही' ही तीन वाक्यं गावातल्या चहाच्या टपरीवर सहज बोलली गेली पाहिजेत.

तुमच्या गावात आखातातून 'मेडिकल'ला अनफिट होऊन परत आलेला कुणी असेल, आणि आपल्याकडे असा एखादा असतोच, तर त्याला माळवाल्याचा पत्ता देऊ नका. जिल्हा रुग्णालयाचा द्या. जमलं तर सोबत जा.